विषय क्रमांक आठ

आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभासद मागून उघडतात. शेवटच्या पानावर भेटवस्तूचं कूपन छापलेलं असतं. ते रेषेवर घडी घालून, नखानं दाबून, अलगद फाडायचं आणि पाकिटात ठेवायचं. मग उरलेला अहवाल उन्हात डोक्यावर धरायला किंवा सभेच्या मंडपात खुर्ची अडवायला उपयोगी पडतो. मी ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे छापील वस्तूची अशी अवस्था बघून मला वाईट वाटायला हवं. पण हा अहवाल गेली काही वर्षं मीच तपासून देतो, आणि तो डोक्यावर धरण्यापलीकडे फारसा कामाचा नसतो हे मला ठाऊक आहे.

तपासून देतो म्हणजे छपाईआधी त्यातल्या चुका काढतो. निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मोबदला म्हणून दरवर्षी शाल आणि श्रीफळ. नारळाची आमटीत सोय होते. शालींचं काय करायचं हा आमच्या घरातला जुना वाद आहे.

अहवालाच्या पहिल्या पानावर संस्थेचा इतिहास असतो. तो दरवर्षी तोच असतो, फक्त विशेषणं वाढतात. त्यात लिहिलेलं असतं की संस्थापकांनी दूरदृष्टीनं हे रोपटं लावलं. त्या संस्थापकांतले एक माझे वडील. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाकीच्यांत एक शिंपी, एक चपलांचा कारागीर, एक गिरणीवाला, दोन दूधवाले आणि शाळेतले एक मास्तर. मास्तरांना घेतलं ते अर्ज लिहिता येतात म्हणून. या मंडळींना गल्लीच्या कोपऱ्यापलीकडचं फारसं दिसत नव्हतं, आणि संस्था टिकली ती त्यामुळेच असं माझं मत आहे. ते मी अहवालात घालत नाही.

संस्था सुरू झाली तालमीत. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वर एक लांबट खोली होती. खाली पैलवान कुस्तीच्या हौद्यात माती उकरायचे आणि वर संस्थापक चटईवर बसून कर्जाचे अर्ज बघायचे. लोखंडी कपाट त्याच खोलीत. रात्री खाली सहा-सात पैलवान झोपायचे, त्यामुळे कपाटाला कुलूप आहे की नाही हे कुणी कधी विचारलं नाही.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायला कागद लागत नसत. मोठ्या बँकेत तेव्हा आमच्या गल्लीतल्या माणसाला दारातला शिपाईही बसा म्हणत नसे. इथं अर्जदार जिना चढून वर येईपर्यंत त्याचा निकाल लागलेला असे. एखाद्याचा हप्ता चुकला तर नोटीस जात नव्हती. तीन संचालक संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जायचे. हप्त्याचा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम. ऊस, कुस्ती, नदीचं पाणी यांवर बोलायचं, दुसरा कप मागून घ्यायचा, घरच्या बाईच्या चहाचं कौतुक करायचं आणि उठायचं. तिसऱ्या चहाची वेळ सहसा येत नसे. माझे वडील अशा चहाला फार मनापासून जात. आमच्या घरी मात्र चहा मोजून व्हायचा.

मग संस्था वाढली. पहिली शाखा गारगोटीला निघाली, कारण एका संचालकाची सासुरवाडी तिकडची होती. कुरुंदवाडला निघाली, कारण दुसऱ्याची लेक तिकडं दिली होती. विस्ताराचं धोरण म्हणून अहवालात जे दोन परिच्छेद येतात, त्यांचा खरा अर्थ सोयरीक असा आहे. गारगोटीच्या उद्‌घाटनाला मी वडिलांबरोबर गेलो होतो. पाहुण्यांच्या हातातली कात्री बोथट निघाली आणि शेवटी फीत आमच्या शिंपी संचालकांनी दातानं तोडली. त्या शाखेला आजवर काही कमी पडलेलं नाही.

आता मुख्य कार्यालय कळंब्याच्या रस्त्याला आहे. काचेची इमारत, मजला बोलून सांगणारी लिफ्ट आणि अध्यक्षांची केबिन. त्या केबिनमध्ये आमची तालमीवरची खोली दोनदा मावेल. भिंतीवर संस्थापकांची तैलचित्रं आहेत. चित्रकारानं माझ्या वडिलांना भगवा फेटा बांधलाय. आयुष्यभर त्यांच्या डोक्यावर टोपी होती आणि तिला ग्रीसचा डाग होता. चित्राच्या अनावरणाला मला बोलावलं होतं. मी बराच वेळ ते चित्र पाहत उभा राहिलो. अध्यक्षांना वाटलं मी गहिवरलो.

तालमीतली मूळची शाखा अजून आहे. पुढं ती वरून खाली, रस्त्याकडच्या खोलीत आली. दोन काउंटर, एक पंखा, आणि वहिनी.

वहिनी म्हणजे आमच्या पिग्मीवाल्या. पिग्मी म्हणजे रोज थोडी थोडी भरायची ठेव. दुकानदारानं बँकेत जायचं नाही, संस्थेच्या माणसानं रोज दुकानात यायचं. नवरा फाउंड्रीत होता, तो लवकर गेला. तेव्हापासून वीसेक वर्षं वहिनी ही फेरी करतात. पगार नाही, गोळा होईल त्यावर कमिशन. त्यावर त्यांनी घर चालवलं, आणि धाकटी लेक त्यावरच नर्सिंगला शिकते आहे. अकरा वाजता त्या शाखेतून निघतात आणि साडेबारापर्यंत गल्ली आणि मागची पेठ उरकतात. बरोबर एक छोटं मशीन, आणि असा आवाज की त्या गिरणीपाशी आल्या हे चपलांच्या दुकानात कळतं.

आता एका वर्षीच्या सभेकडे येतो.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा मंगल कार्यालयात होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार. सत्काराला येणाऱ्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, आणि गेल्या वर्षी आजारी असल्यामुळे राहून गेलेल्यांचा सत्कार. यात दीड-पावणेदोन तास जातात. तोवर मागच्या बाजूनं मसालेभाताचा वास यायला लागतो. मग मॅनेजर उठतात, विषयाचा क्रमांक वाचतात, आणि सभागृह एका आवाजात ‘मंजूर’ म्हणतं. विषय दोन, मंजूर. विषय तीन, मंजूर. त्याला एक ताल असतो. एखादा नवखा सभासद पुस्तक उघडून विषय काय आहे ते बघायला लागला तर शेजारचा म्हणतो, “पावणं, जेवायचं न्हाय काय?”

त्या वर्षी नऊ विषय होते आणि भेटवस्तू होती कॅसरोल. विषय क्रमांक आठला नेहमीसारखाच ‘मंजूर’ झाला. मीही म्हणालो. माझ्यामागून तिसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, सगळ्यांच्या वर. मग आम्ही जेवलो.

सोमवारी दुपारी वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. हातात कागद.

“सर, ह्ये वाचा जरा.”

मी वाचलं. संस्थेचं पत्र होतं. सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेल्या विषय क्रमांक आठनुसार तालमीजवळची शाखा पुढच्या महिनाअखेर बंद होऊन मुख्य कार्यालयात विलीन होणार होती. तिथली दैनंदिन ठेव ग्राहकांनी यापुढं मोबाइलच्या ॲपमधून भरायची होती. त्यामुळं वहिनींचं काम त्या तारखेपासून संपत होतं. खाली त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता होती.

“मी सोताच मंजूर म्हणालो की ओ,” वहिनी म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीत मावेल एवढा झाला. “सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यांदा म्हणालो. माझीच फेरी बंद करायची हाय त्यात, हे कुणाला म्हाईत!”

अहवाल टेबलावरच होता. पान एकतीस, विषय आठ. सगळं स्वच्छ, सरळ मराठीत लिहिलेलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती.

“पुस्तक तुम्हीच बघता न्हवं छापायच्या आधी?”

“हो.”

“मग ह्ये वाचलं न्हाय व्हय?”

“तपासलं,” मी म्हणालो. “तपासताना माणूस वाचत नाही, वहिनी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ग्रंथालयात उशिरा पुस्तक आणून देणाऱ्यांकडं मी असाच बघायचो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अध्यक्षांकडे गेलो. माणूस वाईट नाही. बांधकामाचा व्यवसाय, बोलणं गोड, हातात तीन अंगठ्या. त्यांनी चहा मागवला.

“मी काय करणार, सर? सभासद मालक. मालकांनी मंजूर केलं.”

“न वाचता केलं,” मी म्हणालो.

“वाचायला पुस्तक दिलं होतं की. तुम्हीच तपासलेलं.” मग वहिनींकडं वळून अगदी प्रेमानं म्हणाले, “आणि वहिनी, तुमचा आवाज मी स्टेजवर ऐकला. मला वाटलं, बघा, वहिनींना पण पटलंय.”

वहिनी चहा न घेता उठल्या. लिफ्टनं आम्हाला सांगितलं की आम्ही तळमजल्यावर आलो आहोत.

घरी येऊन मी संस्थेचे पोटनियम काढले. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत त्यांची जुनी प्रत होती आणि कपाटात नवी. दोन्हींत एक कलम तसंच होतं. ठरावीक इतक्या सभासदांनी सह्या करून मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते, आणि तिथं आधीचा ठराव फिरवता येतो. पुढं एक ओळ होती. अशा सभेला पुरेसे सभासद अर्ध्या तासात जमले नाहीत तर ती सभा रद्द, पुन्हा बोलावणं नाही.

“सह्यांचं माझ्यावर सोडा,” वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं होतं महिना जाईल. त्यांना नऊ दिवस लागले. कोण किती वाजता दुकानात असतो, कोण दुपारी शटर अर्धं ओढून झोपतो, कुणाकडं बायको नसताना जायचं आणि कुणाकडं बायको असतानाच जायचं, हे त्यांना पाठ होतं. दोन दिवस मी बरोबर फिरलो. बांगड्यांच्या दुकानात मालक म्हणाले, “कशाची सही?”

“शाखा बंद करायचा ठराव रद्द करायचा हाय.”

“कुणी मंजूर केलता असला ठराव?”

“तुम्हीच की.”

“मी? मी तवा कॅसरोलच्या रांगेत हुतो.”

ज्याला विचारावं तो कॅसरोलच्या रांगेत होता. मंजूर म्हणणारा एकही माणूस आम्हाला सापडला नाही. मी स्वतः म्हणालो होतो असं सांगितलं की लोक माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघायचे. आताच्या गिरणीवाल्यानं हात पुढं करून दाखवले. “सही करतो, पण हात पिठाचं हाईत. कागद पांढरा हुईल.”

“कागद पांढराच हाय. कर गप.”

अर्ज मी लिहिला, शक्य तितका कोरडा. सह्यांचा गठ्ठा वहिनींनी मुख्य कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली. काही दिवसांनी विशेष सभेची नोटीस शाखेच्या दारावर लागली आणि सभासदांच्या घरी गेली. जागा तालमीवरची खोली, वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. जेवण नाही, भेटवस्तू नाही, दीपप्रज्वलन नाही. अध्यक्षांचा हिशेब सरळ होता. नुसत्या विषयासाठी कोण येतं?

बुधवारी मी पावणेअकराला वर जाऊन बसलो. खोली तीच, चटईच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खालून मातीचा आणि तेलाचा वास येत होता. अध्यक्ष वेळेवर आले. मॅनेजर हजेरीचं रजिस्टर उघडून बसले. अकरा वाजले. खोलीत आम्ही, चार संचालक, आणि निवृत्त झाल्यामुळं वेळेवर येणारे माझ्यासारखे सात-आठजण.

अकरा पाच झाले. वहिनी दारात उभ्या. चेहरा पांढरा पडलेला. कुणी येत नव्हतं.

“सगळ्यांनी व्हय म्हटलंतं,” त्या मला म्हणाल्या. “एकूणएक. गिरणीवाला तर शपथ घिऊन म्हणाला.”

“किती वाजता येतो म्हणाले?”

“अकराला.”

मी खिडकीतून खाली गल्लीत बघितलं. दुकानं उघडी होती आणि सगळे दुकानात होते. बांगड्यांचे मालक तर बाहेर पायरीवर येऊन गल्लीच्या तोंडाकडं बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकरा वाजता वहिनी येतात. वीस वर्षं येतात. त्यांची वाट बघत प्रत्येकजण आपापल्या दुकानात बसला होता. वहिनी आल्या की त्यांच्याबरोबर सभेला जायचं, असं प्रत्येकानं आपल्या मनाशी ठरवलं होतं. आणि ज्यांची ते वाट बघत होते त्या इथं दारात उभ्या होत्या.

“वहिनी,” मी म्हणालो, “तुमची फेरी राहिलीय.”

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि त्या जिना उतरल्या. वीस वर्षांत त्यांना कधी धावताना मी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही धावल्या नाहीत. पण पदर खोचला.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. पहिलं शटर अर्ध्यावर आलं, मग दुसरं. बांगड्यांचे मालक पायऱ्या उतरले. चपलांचा कारागीर हातातला जोड तसाच घेऊन निघाला. किराणावाला गिऱ्हाईकाला “बसा पाच मिन्टं” म्हणून आला. गिऱ्हाईकानं विचारलं, “कुठं ओ?” आणि तेही मागून आलं, कारण तेही सभासद होतं. लोक जिना चढायला लागले, फेरीच्याच क्रमानं. आधी चहावाला, मग इस्त्रीवाला, मग दोघे सोनारभाऊ. मॅनेजर नावं लिहीत होते आणि अध्यक्ष घड्याळ बघत होते.

अकरा सत्तावीसला मॅनेजर म्हणाले, “साहेब, दोन कमी.”

“तीन मिनिटं आहेत,” मी म्हणालो.

गिरणी चालू होती, आवाज वरपर्यंत येत होता. एकदा घातलेलं दळण मध्येच थांबवता येत नाही, आणि वहिनी गिरणीच्या दारात उभ्या राहून गिरणीवाल्याला शिव्या देत होत्या हे आम्हाला सगळ्यांना नीट ऐकू येत होतं. अध्यक्षांनी खिडकीकडं बघितलं आणि पाण्याची बाटली उघडली. मग गिरणी थांबली. इतका वेळ चाललेला तो आवाज बंद झाल्यावर खोली एकदम मोठी वाटली.

गिरणीवाला भुवयांवर पीठ घेऊनच आत आला. त्याच्यामागं दळणाचा डबा कमरेवर घेतलेली एक बाई. मॅनेजर म्हणाले, “तुम्ही कोण?”

“सभासद हाय की. सासूचं शेअर माझ्या नावावर झाल्यात. वहिनींनी फॉर्म भरलाता.”

मॅनेजरनी यादी बघितली. नाव होतं. संख्या पूर्ण झाली. वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी विषय क्रमांक वाचला. सवयीनं मागून एक म्हातारे “मंज–” म्हणाले आणि शेजारच्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात मारला. “अण्णा, थांबा. अजून वाचलं न्हाय.”

“आधी पूर्ण वाचा,” गिरणीवाला म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि सगळा ठराव वाचला. शाखेचं, ॲपचं, महिनाअखेरचं. माझ्या आठवणीत संस्थेचा विषय पूर्ण वाचला जाण्याची ही पहिलीच वेळ. ऐकल्यावर काय म्हणायचं असतं हे लोकांना माहीत नव्हतं.

शेवटी चपलांचा कारागीर उठला. हातातला जोड त्यानं खुर्चीवर ठेवला. “साहेब, ॲप राहू दे. ज्याला पायजे त्यानं वापरावं. माझ्या पोराकडं हाय. पण मी माझ्या हातानं रोज बाजूला काढत न्हाय. वहिनी येतात म्हणून काढतो. त्या आल्या न्हाईत तर माझं साठणार न्हाय. माझी लेक ह्याच्यावर दिली मी.”

“माझं दुकान बी,” सोनारांतला धाकटा म्हणाला आणि खाली बसला.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. ठराव कायम ठेवण्याच्या बाजूनं दोन संचालकांचे हात वर गेले, तेही अर्धे. रद्द करण्याच्या बाजूनं उरलेली सगळी खोली. मॅनेजरनी मोजायचं नाटक केलं. “विषय क्रमांक आठ रद्द,” अध्यक्ष म्हणाले, आणि मग, त्यांचं कौतुक करायला हवं, वहिनींकडं बघून म्हणाले, “ह्या वेळी तुमचा आवाज आला नाही.”

“ह्या वेळी मी ऐकत हुतो,” वहिनी म्हणाल्या.

अध्यक्षांना दुसरी बैठक होती, ते गेले. संचालक त्यांच्यामागून गेले. जेवण नव्हतं त्यामुळे उठायला काही निमित्त नव्हतं, आणि लोक खुर्च्यांवर तसेच बसून राहिले. बारा वाजायला आले होते. वहिनींनी पिशवीतून मशीन काढलं.

“चला, सगळी हितंच घावलाय. काढा.”

मग त्या खुर्च्यांच्या रांगेतून फिरल्या. चहावाला, इस्त्रीवाला, सोनार. प्रत्येकाची पावती मशीनमधून फाडून हातात. बांगड्यांच्या मालकांनी खिसे चाचपले, वर बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, आज गल्ला तसाच ठिवून आलोय. उद्या या.”

गिरणीवाला लगेच म्हणाला, “माझं बी उद्याच.”

असं कुणी म्हटलं की वहिनी तिथंच उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं ऐकवतात. सगळे वाट बघत होते. वहिनींनी मशीन पिशवीत घातलं.

“उद्या येतो,” त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.